हौदातला सोडा

दीपमालाला रणजितवर सूड उगवायचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही तिला सोशिक वगैरे समजाल आणि शेवटी माझ्या नावानं बोटं मोडाल. हुशार ती होतीच, कष्टाळूही होती. सोशिक मात्र अजिबात नव्हती. वारज्यातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ती आईबरोबर भाड्यानं राहायची, एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायची नोकरी करायची, आणि रोज सकाळी चहा गाळताना त्या माणसाला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडायची. आई देवाला फूल वाहायची ना, तितक्याच नेमानं.

हा रणजित कोण? तर एकेकाळी दोघं पुण्यातल्या एका संस्थेत एकाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. ती यवतमाळकडची, वडील लहानपणीच गेलेले, आई मुक्ताई शाळेत खिचडी शिजवायची. तो इथला, वारज्याचाच. त्याचे वडील गेनबा यांच्या शेतात पूर्वी ऊस होता. मग शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं, बिल्डर आले, आणि उसाच्या जागी बिल्डिंगा उगवल्या. रणजित बोलायला गोड, पॉवर पॉइंटमध्ये पटाईत, आणि भट्टीजवळ उभं राहायचं म्हटलं की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा. भट्टीजवळ दीपमाला उभी राहायची.

ती तिथं एक विटकरी रंगाची भुकटी बनवत होती. पाण्यातला रंग, औषधांचे अंश, पोट बिघडवणारे जंतू, हे सगळं उजेडाच्या मदतीनं जाळता येतं हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. पण त्यासाठी सगळे जी पांढरी भुकटी वापरायचे, तिचे नखरे फार. तिला साधा उजेड चालायचा नाही, अतिनील किरणच लागायचे, म्हणजे दिवे वेगळे आणि विजेचं बिलही वेगळं. दीपमालाची भुकटी पेरोव्हस्काइट कुळातली होती. घाबरू नका, ते एका प्रकारच्या स्फटिकांचं नाव आहे. त्यांच्यात अणू एका ठरावीक पिंजऱ्यात बसलेले असतात. त्या पिंजऱ्यात तिनं लँथॅनम आणि लोह बसवलं, शिवाय चिमूटभर आणखी एक गोष्ट मिसळली, आणि तिच्या भुकटीला घरातल्या ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा चालायला लागला. उजेड पडला की ही भुकटी पाण्यातून असे काही चवताळलेले कण तयार करायची की ते समोर येईल त्याचे लचके तोडायचे. रंग तोडायचे, जंतूंची सालटी काढायचे. भुकटी मात्र जशीच्या तशी, पुन्हा वापरायला तयार.

ते काम रंगात आलं आणि तिकडे गावी मुक्ताईला कावीळ झाली. साधीसुधी नाही, मरणाच्या दारात नेऊन ठेवणारी. दीपमाला तशीच निघाली. "तू बिनधास्त जा, इकडचं मी बघतो," असं म्हणत रणजित तिला गाडीत बसवून द्यायला आला आणि वाटेत खायला म्हणून संत्री दिली. यवतमाळकडच्या पोरीला पुण्याची संत्री! ती तेव्हा हसली होती आणि तिला तो माणूस फार बरा वाटला होता.

आईला उठवून बसवायला पावसाळा अख्खा गेला. परत आली तर तिच्या कपाटाचं कुलूप बदललेलं, भुकटीच्या बरण्या गायब, रणजितची कंपनी उभी, पेटंटच्या अर्जावर नावं दोनच, रणजितचं आणि सरांचं. सर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, प्रोजेक्ट कुणासाठी थांबून राहत नसतो." कंपनीच्या उद्‌घाटनाला ती न बोलावता गेली. तिथं कुणीतरी विचारलं, ह्या कोण? रणजित तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आमच्या लॅबमध्ये असायच्या. काचसामान धुवायला वगैरे." लोक हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तशीच बाहेर पडली. तिनं पीएच.डी. सोडली, पाणी तपासायची नोकरी धरली आणि आईला पुण्यात आणलं.

मुक्ताईनं मात्र ह्या सगळ्याचं खापर स्वतःवरच फोडून घेतलं. "माह्या दुखण्यापायी तुयं गेलं," एवढं एकच वाक्य ती वर्षानुवर्षं बोलत राहिली. दीपमाला चिडायची, समजवायची, कधी कधी उठून बाहेर जायची. आई काही ऐकायची नाही.

आता गंमत बघा. ज्या सोसायटीत त्या भाड्यानं राहत होत्या ती गेनबांच्याच जुन्या शेतावर उभी होती. सोसायटीच्या मागच्या अंगाला विसर्जनाचा हौद होता. आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांचे गणपती तिथंच यायचे. आणि त्या वर्षी श्रावणात सोसायटीचे चेअरमन रामदास पोंक्षे नोटीस बोर्डावर कागद लावून गेले. विसर्जनानंतर हौदातलं रंगीत पाणी शुद्ध करणारं नवं यंत्र बसणार, 'साध्या प्रकाशावर चालणारं, संपूर्ण स्वदेशी तंत्रज्ञान', कंपनी रणजितची. यंत्र पास झालं तर शहरातल्या सगळ्या हौदांचं काम त्याला मिळणार, आणि हिंजवडीतले दोन गुंतवणूकदार त्यात पैसे घालायला तयार बसलेत, असंही पोंक्षे लिफ्टमध्ये ज्याला त्याला सांगत होते.

दीपमालानं तो कागद वाचला. तिथंच उभी राहून पुन्हा वाचला. मग घरी येऊन तिनं पोळ्या लाटल्या, त्या सगळ्या वातड झाल्या.

पोंक्षे म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. प्रत्येक गोष्ट विचारून, खात्री करून, वर दोन टोमणे मारून करणारा. गणपती बसायच्या आधी एका संध्याकाळी ते दीपमालाच्या दारात आले.

"मॅडम, आपण पाण्यातल्या तज्ज्ञ. एक शंका होती. दरवर्षी आपण हौदात तो सोडा टाकतो. ह्या वर्षी यंत्र आहे म्हणे. मग टाकायचा की नाही? यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, 'काका, काहीही टाका, आपलं मशीन सगळं खातं.' एवढा आत्मविश्वास मी फक्त नापास होणाऱ्या मुलांत पाहिलाय. म्हणून म्हटलं, आपल्याला विचारावं."

हा सोडा म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. पुण्यात पीओपीचे गणपती विरघळवायला तो वापरतात. बादलीत घालतात, हौदात घालतात, पोती येतात त्याची. पुणेकराला त्यात नवल काहीच नाही. पण रणजितच्या घरी गणपती शाडूचा आणि विसर्जन त्यांच्या स्वतःच्या विहिरीत. त्या घरात ह्या सोड्याचं पोतं कधी आलंच नव्हतं. त्यानं यंत्राच्या चाचण्या घेतल्या त्या नळाच्या पाण्यात पोस्टरचे रंग कालवून. सोडा त्याच्या डोक्यातच नव्हता.

दीपमालाच्या डोक्यात होता. आईच्या आजारपणात तिनं गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ह्याच पाण्यानं आई आजारी पडली म्हणून. यवतमाळला एका मैत्रिणीच्या कॉलेजात ते तिनं बरोबर नेलेल्या आपल्या भुकटीवर घालून पाहिलं, तर काही म्हणजे काही झालं नाही. ते पाणी जड होतं, बायकार्बोनेटनं भरलेलं, आणि ते चवताळलेले कण तयार झाल्याबरोबर बायकार्बोनेट त्यांना गिळून टाकत होतं. रंगापर्यंत, जंतूंपर्यंत ते पोचतच नव्हते. उपाय अगदी साधा निघाला, पाण्यात आधी थोडं व्हिनेगर घालायचं. बुडबुडे येतात, बायकार्बोनेट उडून जातं आणि भुकटी पुन्हा कामाला लागते. हे ती सरांना सांगायला धावत आली तेव्हाच ते बदललेलं कुलूप दिसलं होतं. तेव्हापासून ती गोष्ट तिच्याजवळच राहिली.

"मॅडम?" पोंक्षे ताटकळले होते.

"टाका की," दीपमाला म्हणाली. "दरवर्षी टाकता तसा टाका. ह्या वर्षी मूर्ती जास्त आहेत, एखादं पोतं जास्तच टाका."

दार लावून ती आत आली, चहा टाकला आणि त्यात साखर दोनदा पडली. भीतीनं नाही हं. आनंदानं.

गणपतीचे ते दिवस तिनं कसे काढले विचारू नका. मोदक वळताना, आरतीला टाळ्या वाजवताना तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, सगळ्यांसमोर तोंडावर आपटलेला रणजित. आरतीनंतर गणपतीपुढे हात जोडून लोक काय मागतात? कुणी नोकरी, कुणी नातू. हिनं मागितलं, याची जिरव. हौदाकडे जाऊन ती रोज बघून यायची. पोंक्ष्यांनी खरंच पोती रिकामी केली होती. मूर्ती विरघळत होत्या, पाणी आधी गढूळ आणि मग गुलाबी, जांभळं, काळपट होत चाललं होतं.

एक विचार तिला आलाच नाही असं नाही. ती भुकटी तिची होती. उद्या ती सगळ्यांसमोर नापास झाली की पुन्हा तिला कुणी हात लावणार नव्हतं. दोन रात्री तिला ह्या विचारानं झोप लागली नाही. मग तिनं स्वतःला बजावलं, जी वस्तू आपल्या नावावरच नाही ती जगली काय आणि मेली काय. तो बुडाला पाहिजे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी हौदाशी मांडव पडला. खुर्च्या, नारळ, सतरंजी, फुगे. महापालिकेचे एक साहेब आले, गुंतवणूकदार आले, सोसायटीतली सगळी मंडळी नाश्त्याच्या वासानं आली. पहिल्या रांगेत पांढरं धोतर, तांबडं पागोटं घालून गेनबा बसले होते, पोराचं कौतुक बघायला. पाण्याचा नमुना घ्यायला त्रयस्थ माणूस हवा म्हणून पोंक्ष्यांनी दीपमालालाच नमुन्याच्या बाटल्या घेऊन बसवलं होतं. रणजितनं तिला पाहिलं, जरासा दचकला, मग सावरून गोड हसला. "हाय, दीपा! बरं वाटलं तुला बघून." तिनं मान हलवली.

यंत्र दिसायला छान होतं हे कबूल करायला हवं. हौदातलं पाणी आधी वाळूतून गाळून यायचं, गाळ मागेच राहायचा. मग ते रंगीत पाणी काचेच्या लांब नळ्यांतून फिरायचं. नळ्यांच्या आत पट्ट्या, पट्ट्यांवर ती विटकरी भुकटी, वर पांढरे दिवे. शेवटी एक काचेचं भांडं, त्यात स्वच्छ पाणी यायचं. पट्ट्यांचा तो रंग दीपमालानं लांबूनच ओळखला. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

नारळ फुटला. दिवे लागले. रणजितनं माइक हातात घेतला आणि सुरू झाला. व्हिजिबल लाइट काय, नॅनो काय, ग्रीन सोल्यूशन काय! "तुमच्या डोळ्यांदेखत, सर, हे जांभळं पाणी काचेसारखं होईल. जंतू झीरो."

भांड्यात पाणी आलं. जांभळं.

"पहिला फ्लो आहे, सर. थोडं स्टॅबिलाइज होतंय."

मग पुन्हा आलं. तसंच. त्यानं पाणी नळ्यांतून परत फिरवायला लावलं, दिवे वाढवले, पंप हळू केला. त्याची पोरं घामाघूम होऊन वायरी चाचपू लागली. मंडळींचे पोहे संपले, चहा झाला. पाणी आपलं जांभळंच.

"कंपनीतला तो पोरगा म्हणाला होता ना, यंत्र सगळं खातं?" पोंक्षे म्हणाले. "आज त्याचा उपास दिसतोय."

मांडवात हशा पिकला. गेनबा उठून भांड्याशी गेले, वाकून बघितलं आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आरं रणजित, ह्ये तर जसंच्या तसं हाय की!"

दीपमाला खुर्चीत बसून हे सगळं बघत होती, आणि काय सांगू, तिला इतकं गार गार वाटत होतं! इतक्या वर्षांत प्रथमच. रणजितच्या कपाळावरचा घाम, गुंतवणूकदारांनी एकमेकांकडे टाकलेली नजर, साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात बघणं, एकेक गोष्ट ती चवीनं खात होती.

मग रणजित तिच्याकडे आला. वाकून, हळू आवाजात म्हणाला, "दीपा, प्लीज. काय होतंय हे? तुला माहीत असणार. तू सांगशील ते करतो."

"मला काय माहीत असणार?" ती म्हणाली. "तुमचं तंत्रज्ञान."

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला कळलं. सगळं नाही, पण हिला ठाऊक आहे आणि ही सांगणार नाही, एवढं कळलं. त्याचा चेहरा उतरला. साहेब उठायच्या बेतात होते. रणजित ताठ झाला, वळला आणि माइक उचलला.

"सर, एक मिनिट. मी ऑनेस्टली सांगतो. हे मटेरियल मुळात माझं नाही. ह्या दीपमाला मॅडमनी शोधलंय. भुकटी त्यांची, फॉर्म्युला त्यांचा, सगळं त्यांचं. आम्ही फक्त मशीन बांधलं, आणि मशीन परफेक्ट चाललंय. फॉल्ट असलाच तर तो त्यांच्या केमिस्ट्रीत आहे."

सगळ्यांच्या माना दीपमालाकडे वळल्या. मागच्या रांगेतून शेजारच्या कांताबाई लगबगीनं उठल्या आणि बिल्डिंगकडे पळाल्या. एवढी मोठी बातमी मुक्ताईला आपणच आधी सांगायची ह्या घाईत.

"मॅडम, खरं आहे का हे?" साहेबांनी विचारलं. माणूस सरळ होता, उत्सुकतेनं विचारत होता. "ही पावडर आपण शोधलीत?"

हेच तिला ऐकायचं होतं. कितीतरी वर्षं, रोज, झोपताना, बसमध्ये, भाजी निवडताना. लोकांसमोर, माइकवर, त्याच्याच तोंडून. आणि रस्त्यापलीकडे चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरचा कॅन ठेवलेला तिला बसल्या जागेवरून दिसत होता. 'हो, माझी आहे' म्हणायचं, तो कॅन मागवायचा, गाळलेल्या पाण्यात ओतायचा. मंडळींचा दुसरा चहा होईतो पाणी स्वच्छ झालं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि मग? मग रणजित धावत आला असता. 'मी म्हटलं नव्हतं? आमची जुनी टीम आहे!' कागद त्याचे, कंपनी त्याची, काम त्याला मिळालं असतं, हौद त्याचे झाले असते. तिला एक शाल आणि नारळ. तो पुन्हा हसला असता, तेच हसू. नाही, नाही, नाही. तिच्या आतून कुणीतरी ओरडलं. एवढं सोसलं ते ह्याला तारायला?

"नाही साहेब," दीपमाला उभी राहून म्हणाली. आवाज अगदी शांत. "ह्यांचा काहीतरी गैरसमज होतोय. ही पावडर माझी नाही. अशी कुठली पावडर मी कधी केलेली नाही. मी पाणी तपासते, तेवढंच मला कळतं. आणि हे पाणी नापास आहे."

"दीपा!" रणजित किंचाळला. "खोटं बोलू नकोस!"

"आपली ओळख आहे का?" तिनं विचारलं.

झालं. साहेब गाडीत जाऊन बसले. गुंतवणूकदारांनी कधी गाडी मागवली आणि कधी गेले ते कुणाला दिसलंही नाही. गेनबा पोरासमोर येऊन उभे राहिले. "आपल्या अंगावर आलं की बाईमाणसाच्या नावावर ढकलतोस व्हय रं? समद्या गावासमोर?" असं म्हणून त्यांनी पागोटं काढून काखेत मारलं आणि एकटेच चालत निघून गेले. रणजित सतरंजीवर मटकन बसला. लहान पोरासारखा दिसत होता. दीपमालानं त्याला डोळे भरून पाहून घेतलं, नमुन्याच्या बाटल्यांना झाकणं लावली आणि ती घरी निघाली. जिन्यात तिला चक्क गाणं गुणगुणावंसं वाटलं.

दार उघडंच होतं. घरभर तुपाचा वास. मुक्ताई नवं लुगडं नेसून ओट्याशी उभी होती, कढईत शिरा, आणि डोळ्यांना पदर.

"आली का माय? ये, ये. कांताबाई सांगून गेली मले. त्यानं सगळ्यायसमोर तुयं नाव घेतलं म्हंते! भुकटी दीपमालाचीच हाय म्हनला म्हंते!" तिनं लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "देवाले किती वर्सं मागून रायली होती मी. माह्या दुखण्यापायी लेकराचं गेलं, ते माह्या जित्तेपनी परत येऊ दे म्हनून. आलं वं माय, आलं. मंग? तू काय म्हनली?"

दीपमाला दारातच थांबली. जिन्यातलं गाणं कुठल्या कुठे गेलं.

"मी नाही म्हणाले, आई."

"म्हंजे?"

"माझी नाही म्हणाले. ती भुकटी माझी नाही, असं सांगितलं सगळ्यांना."

मुक्ताईनं गॅस बंद केला. "काहून?"

"तो बुडावा म्हणून."

"बुडाला?"

"बुडाला."

मुक्ताईनं कढईतला शिरा एकदा हलवला. मग तिनं शिरा ताटलीत वाढला, लेकीच्या हातात दिला आणि पलंगाच्या काठावर जाऊन बसली. नव्या लुगड्याच्या निऱ्या ती उगाच नीट करत होती.

"मंग तवा मी काहाले वाचली वं, पोरी?" ती म्हणाली.

दीपमाला ताटली घेऊन आईशेजारी बसली. रणजितसाठी तिच्याकडे आयुष्यभर पुरतील एवढ्या शिव्या होत्या. त्यातली एकही आईपुढे कामाची नव्हती, आणि शिरा हातात निवत चालला.